थोरल्या बहिणीचे भय

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या भयकादंबरीची पहिली चार प्रकरणे मी लक्षपूर्वक वाचली. वेंगुर्ल्याजवळचे खाडीकाठचे घर, काजूच्या कारखान्यातून अंधार पडल्यावर परतणारी आई, पंधरा वर्षांची थोरली आणि सतत तिच्या मागेमागे असणारी धाकटी, हे सारे तुझ्या ओळखीचे आहे, हे ओळीओळीतून जाणवते. दुसऱ्या प्रकरणात थोरली एका हाताने पेज ढवळते आणि दुसऱ्या हाताने धाकटीच्या फ्रॉकचे टोक घट्ट धरून ठेवते, कारण परसदार उघडे आहे आणि पलीकडे बिनकठड्याची विहीर आहे. त्या जागी मी जसा धास्तावलो, तसा पुढच्या प्रकरणातली हडळ पाहून धास्तावलो नाही.

विहिरीची भीती थोरलीवर सोपवलेल्या कामातून आलेली आहे, हडळ मात्र केवळ वाचकाला दचकवण्यासाठी आणलेली आहे. आपल्याकडची भुते अशी उगाच येत नाहीत. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात गेली ती अलवंतीण, बुडून गेला तो गिऱ्हा. प्रत्येकाच्या मागे काहीतरी अर्धवट राहिलेले असते. जॅक्सन या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने कोकणातल्या शाळामास्तरांकडून अशा लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या आणि एन्थोव्हेन यांनी त्या १९१५ साली संपादित करून प्रसिद्ध केल्या. एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळाल्या तर जरूर चाळ. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचार: या घरात कोणती जबाबदारी कोणी टाळली? समज, आजीला एक धाकटी बहीण होती. तिला आजीच्या भरवशावर सोडून मोठी माणसे जत्रेला गेली, ती पोर विहिरीत गेली आणि बोल मात्र जन्मभर दहा-बारा वर्षांच्या आजीला लागला. असे भूत त्या घराचेच असेल, आणि थोरलीची पकड सैल झाली की ते येईल.

तिसऱ्या प्रकरणात वडील आषाढात ट्रॉलरवर गेलेले आहेत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ते घरीच असणार. यासाठी कथा पुढच्या महिन्यांत ढकलू नकोस. वडिलांना घरीच ठेव. पडवीत जाळे दुरुस्त करत बसलेला बाप विहिरीपासून चार पावलांवर आहे आणि तरीही "गो बाय, तिच्याकडे बघ" ही हाक माजघरातल्या थोरलीलाच जाते, यात तुझ्या कादंबरीचे खरे भय आहे. घरात कोणी नाही म्हणून मुलीवर भार पडला, यापेक्षा सगळे असूनही तो तिच्यावरच पडला, हे तुझ्या वयाच्या वाचकाला अधिक जाचेल.

थोरली फार गुणी झाली आहे. जिचा अभ्यास, झोप आणि मैत्रिणी लहान बहिणीपायी मागे पडतात, तिच्या मनात एखाद्या संध्याकाळी "ही नसती तर" असा विचार आल्यावाचून राहत नाही. तो तिने मनातल्या मनात का होईना, पूर्ण म्हणावा, आणि विहिरीतल्या पोरीने तो ऐकावा. त्यानंतर धाकटी जरा वेळ दिसेनाशी झाली, तरी थोरलीला आपणच ते मागून घेतले असे वाटेल. मोबाइल बंद पडल्याची नेहमीची सोय करू नकोस. उलट त्याच क्षणी आईचा फोन येऊ दे. "जेवलात का?" असे आई विचारते आणि रिकाम्या पाटाकडे पाहत थोरली "हो" म्हणते, हा प्रसंग सविस्तर लिही, घाई करू नकोस.

शेवटाचा तुझा आराखडा मला मान्य नाही. थोरली स्वतः विहिरीत उतरून धाकटीला वाचवते आणि बुडते, असे लिहिलेस तर जे घर तिच्यावर सगळे टाकत आले, त्याचेच म्हणणे तू खरे करशील. तिला जगू दे. तिने पडवीत येऊन वडिलांच्या हातातले जाळे बाजूला सारावे आणि "आज तुम्ही चला" असे स्पष्ट सांगावे. मग विहिरीतली हाक त्यांनाही ऐकू येऊ दे, आणि वाकून आत पाहण्याची पाळी त्यांच्यावर येऊ दे.

पाचव्या प्रकरणाला हात घालण्याआधी तिसरे नव्याने लिहून पाठव. गणपतीपूर्वी मिळाले, तर सुट्टीत सावकाश वाचून कळवीन.

तुझा शुभचिंतक