जुनी लाकडी बोट घ्यायच्या आधी एवढं बघा

जुन्या बोटींच्या क्लबात नवीन आलात ना, मग पहिला सीझन बोट घ्यायची घाई करू नका, दुसऱ्यांच्या बोटींवर हात मळवा. सँडिंगला, म्हणजे लाकूड घासून साफ करायला, माणूस कायम कमीच पडतो, कोणी नाही म्हणणार नाही आणि खरं शिकायला तिथंच मिळतं.

बोट बघायला गेलात की चकचकीत व्हार्निश आणि क्रोमला भुलू नका, सरळ खाली वाकून आतला तळ बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा, टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला किंवा टोक आत रुतलं तर लाकूड कुजलंय समजा. ही कूज बहुतेक वेळा डेकच्या सांध्यातून झिरपलेल्या पावसाच्या पाण्याची असते, त्यामुळे कव्हरवर कंजुषी नको. स्क्रू बदलायचे तर सिलिकॉन ब्राँझचे घ्या, पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि स्क्रू ठिसूळ होतात.

बरेच महिने कोरडी राहिलेली फळ्यांची बोट पाण्यात उतरवली की सुरुवातीला आत पाणी येणारच, फळ्या फुगल्या की फटी मिटतात, तोवर पंप चालू ठेवा आणि कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच. त्या फटीत कडक फिलर मात्र अजिबात भरू नका, फळीला फुगायला जागा उरत नाही आणि मग आतली फ्रेम तुटते, चांगल्या चांगल्या बोटींची अशी वाट लागलेली बघून जीव तुटतो.

पेट्रोल इंजिन असेल तर स्टार्टरला हात लावायच्या आधी किमान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा, पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी साचून राहते आणि ठिणगीनं पेटू शकते.