बोरन्हाणासाठी खणाचं परकर-पोलकं घरी शिवता येईल का?

मुलगी 3 वर्षांची, घरात साधं पायाचं मशीन, सरळ टीप येते, सासूबाईंना काळा खणच हवा आणि रथसप्तमीच्या आत कार्यक्रम उरकायचाय, असं तुम्ही लिहिलंय. येईल की शिवता! फ्रॉकपेक्षा हे सोपं, परकराला तर कटिंग असं नसतंच. पण तुम्ही सगळं बाहेरच्या कापडाचं विचारलंय, अस्तराचं काहीच नाही. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत लहान मुलांचे कपडे शिवते, त्यामुळं आधी अस्तराचंच सांगते. बोरन्हाणात पाटावर बसवलेलं पोर रडायला लागलं की बायका म्हणतात, गर्दीला घाबरलं. पोलकं उलटं करून बघा, बहुतेक वेळा काखेत जरीचे दोरे टोचत असतात.

अस्तराला मऊ सुती कापड घ्या, मलमल किंवा धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर. नवीन असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचा खण फुगून बसतो. काळ्या खणाचं एक टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग उतरत असेल तर अस्तर पांढरं घेऊ नका.

खण मूळचा गुळेदगुड्डचा, बागलकोट जिल्ह्यातला. महाद्वार रोडला आता मीटरवर मिळतो, पण बराचसा पॉलिएस्टर मिसळलेला असतो. कडेचा एक दोरा काढून काडीनं जाळा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिएस्टरचा वितळून कडक मणी होतो. मिसळीचा घेतला तरी बिघडत नाही, फक्त इस्त्री जास्त तापवू नका आणि वर ओलं फडकं ठेवा.

कापड अडीच मीटर घ्या. खणाला दोन्ही कडांना काठ असतो, तो परकराच्या खाली यायला हवा. म्हणून कापड आडवं धरायचं, म्हणजे लांबीचा घेर होतो आणि पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, उंची. 3 वर्षांच्या मुलीला कमरेपासून घोट्यापर्यंत साधारण 20 इंच लागतात, पण तुमच्या पोरीचं माप टेपनं घ्याच. घेराला दोन मीटर पुरे. खण कडक असतो, त्याहून जास्त चुन्या कमरेत गोळा होतात आणि पोरगी गाठोडं दिसते. उरलेल्या अर्ध्या मीटरात पोलकं बसतं. वरच्या बाजूचा जो काठ कापून निघतो तो बाह्यांना लावा, वेगळी लेस आणायची गरज नाही. परकर घोट्याच्या दोन बोटं वरच ठेवा. सगळी पोरं बोरं गोळा करायला वाकणार, पळणार, पायात आला की तोंडावर आपटणार. फोटोत लांब परकर छान दिसतो हे मला मान्य आहे, तरीही.

नाडी घालू नका. खणाच्या वजनानं परकर घसरतो, मग आई घट्ट बांधते आणि पोटावर वळ उठतात. त्यापेक्षा अस्तराच्या कापडाची बिनबाह्यांची बंडी शिवा आणि परकर तिला कमरेत जोडून टाका. वजन खांद्यावर जातं. वरून पोलकं घातलं की बंडी दिसतही नाही.

पोलक्याला छातीच्या मापात चार इंच सैल धरा आणि बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवा, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतं. खण कापला की दोरे सुटतात, म्हणून सगळ्या कडा इंटरलॉक करून आणा, पिको-फॉलवाल्यांकडे होतं. गळ्याला आणि मुंढ्याला (बाही जोडतो त्या गोलाला) मात्र अस्तराच्याच कापडाची उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावा आणि ती आतून हातानं हेम करा. या दोन जागा मशीनवर भागवू नका. मागं हूकऐवजी कापडी बंद ठेवा. पाटावर बसून टेकल्यावर हूक रुततात, आणि बंद असला की आयत्या वेळी सैल करता येतो.

हलव्याचे दागिने कपड्याला टाके घालून पक्के करावेत का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. नको. हलवा म्हणजे शेवटी साखर, अंगाच्या घामानं चिकट होते आणि रात्रीत मुंग्या लागतात. हार, बाजूबंद, मुकुट वेगळेच असू द्या आणि ओवलेल्या दोऱ्याच्या गाठी बाहेरच्या अंगाला येतील असं बघा. गळ्याला जरीचं काम अजिबात नको, हारात अडकतं. आमच्या आत्याबाई पोरीला आधी बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे यांनी न्हाऊ घालतात आणि तोवर अंगावर फक्त हार ठेवतात, बाकीचे दागिने फोटोपुरते. मला ते पटतं.

सासूबाईंकडे जुनी चंद्रकळा किंवा काळं इरकल असेल तर खण आणायच्या आधी ते विचारा. धुऊन मऊ झालेलं इरकल अंगाला खणापेक्षा कितीतरी चांगलं, काठ-पदर आयता मिळतो आणि सासूबाईही खूष. फक्त उजेडात धरून बघा, घडीवर विरलेलं असेल तर तेवढी जागा सोडून कापा. मशीनला सुई 14 नंबरची नवीन घाला आणि पहिली टीप उरलेल्या तुकड्यावर मारून बघा.