चिमुकलीचे बारीक केस: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरे

या खेपेला बहुतेक पत्रं दीड ते तीन वर्षांच्या मुलींच्या आयांची आहेत, एक आजीचंही आहे. सगळ्यांची काळजी एकच: पोरीचे केस आखूड, पातळ, त्यात काही टिकत नाही.

मुलगी 20 महिन्यांची आहे. केस इतके मऊ की टक्‌कन दाबून बसणारी पिन लावली तरी पाच मिनिटांत अंगणात पडलेली सापडते. काय करावं? – एक आई, हिंगणघाट तालुका

या वयाच्या मऊ केसांना धरच नसतो आणि वरून तेल लावलं की पिन आणखी घसरते. म्हणून तेल आदल्या रात्री लावा. सकाळी न्हाऊ घाला, केस पुसा आणि थोडे ओलसर असतानाच हात घाला.

पिनेच्या आतल्या पट्टीवर लोकरीचा धागा जवळजवळ गुंडाळून टोकाला गाठ मारा. लोखंडावरून घसरणारे केस लोकरीत अडकतात. मग कपाळावरची चिमूटभर बट घ्या, तिला एक-दोन पीळ द्या आणि पीळ जिथे संपतो तिथे पिन बसवा. पीळ नसलेल्या सुट्या केसांवर लावलेली पिन निसटणारच.

शेंड्या घालायच्या असतील तर मागे नको, वर घाला. बहुतेक मुलींचे पुढचे आणि टाळूवरचे केस मानेजवळच्या केसांपेक्षा लांब झालेले असतात. कंगव्याच्या टोकाने मधोमध भांग पाडा आणि दोन्हीकडे कानांच्या वरच्या बाजूला एकेक छोटी शेंडी बांधा. मागचे केस मोकळेच राहू द्या. ओढूनताणून ते वर आणले की दुपारपर्यंत सुटतात आणि पोरगी चिडते ती वेगळीच.

रबर कापड गुंडाळलेला घ्या, दोनच वेढे द्या. बांधल्यावर मुळाशी कातडी वर उचललेली दिसली, तर शेंडी घट्ट झाली आहे, सोडून पुन्हा बांधा. रोज असंच ओढलं तर कपाळाच्या कडेचे केस तुटतात, बारीक लाल पुटकुळ्या येतात आणि वर्षानुवर्षं चाललं तर तिथले केस कायमचे जातात. रात्री सगळं काढून ठेवा. बारीक रबर ओढून काढू नका, छोट्या कात्रीने कापा. दहा रबर वाया गेले तरी चालतील, पोरीच्या डोक्यातले दहा केस नकोत.

आणखी एक. मणी, खडे, लहान फुलपाखरं चिकटवलेल्या पिना बाजाराच्या दिवशी स्वस्तात मिळतात, पण तीन वर्षांखालच्या लेकराला त्या नकोत. फुलपाखरू निघालं की ते सरळ तोंडात जातं. जे साधारण 3 सेंटिमीटरपेक्षा लहान आहे ते घशात अडकू शकतं.

माह्या नातीचे केस लय पातय हायेत. चार-पाच खेपा टकली केली तं दाट येतीन म्हनतो मी, तं तिची माय आयकत नाही. तुम्हीच सांगा. – एक आजी, अकोला जिल्हा

आजी, जावळ काढायची आपली रीत आहे, ती एकदा जरूर करा. पण दाट केसांसाठी परत परत टकली करू नका, या बाबतीत सूनबाई बरोबर आहेत. केस किती जाड यायचा हे कातडीच्या आतलं मूळ ठरवतं आणि वस्तरा तिथे पोचतच नाही. वस्तऱ्याने केसाचं टोक बोथट होतं, म्हणून नवा केस हाताला राठ लागतो आणि दाट आल्यासारखं वाटतं. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो. दोन वर्षांची नात चार वर्षांची होईस्तोवर फरक आपोआप दिसेल, तेवढा धीर धरा.

जावळ काढताना पातं नवंच हवं. नंतर उन्हात नेताना डोक्यावर सुती टोपडं घाला. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा तर उघड्या डोक्याने तिला बाहेर नेऊच नका.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. केस विरळ होऊन भुरे पडत असतील, नात फिकी दिसत असेल, माती खात असेल, तर अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी योजनेत लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली देतात. नातीला ते मिळतं का, हे आशाताईंना विचारा. गोल चट्टा पडून तिथे कोंडा आणि तुटके केस दिसले तर तो नायटा असू शकतो. डोक्याच्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्याने धुतले की मुलीचे केस चिकट आणि राठ होतात. – दर्यापूर तालुका

पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी खारट, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि साबणाचा थर केसांवरच राहतो. अंगाचा साबण डोक्याला लावणं बंद करा. लहान मुलांचा शाम्पू वाटाण्याएवढा घ्या, आठवड्यातून दोनदा पुरे. शेवटचा एक तांब्या नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्याचा घाला. रिठा-शिकेकाई इतक्या लहान लेकराला नको, डोळ्यात गेली की फार झोंबते.

तान्ह्या पोळ्याला मुलगी नंदी घेऊन जाणार आहे. गजरा माळायचा आहे, पण केसच नाहीत!

सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी शिवा, मागे थोडं इलॅस्टिक लावा आणि गजरा पट्टीवर सुईदोऱ्याने टाका. केसांवर काहीच भार येत नाही. पट्टीखाली तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. पिनेने गजरा खोचू नका. मिरवणूक झाली की पट्टी उतरवा, ती घालून तिला झोपवू नका.

कपाळावरचे केस डोळ्यात येतात. घरी कापू का?

कापा, पण कोरडे असताना. ओले केस लांब दिसतात आणि वाळले की वर जातात, मग कपाळ उघडं पडतं. दोन बोटांत बट धरून भुवयांच्या जरा खाली, बोथट टोकाच्या कात्रीने उभे छोटे कट द्या. आडवी सरळ रेघ मारली तर पातळ केसांत प्रत्येक चूक दिसते.

उवा झाल्यात. शेजारीण म्हणते घासलेट लावा, कुणी कपाशीवर फवारायचं औषध सांगतं.

दोन्ही अजिबात लावू नका. फवारणीचं औषध डोक्याच्या कातडीतून अंगात जातं, लेकरू दगावू शकतं. घासलेटाने कातडी भाजते, चूल जवळ असली तर पेट घेतं. ओल्या केसांना खोबरेल लावून बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरा, दर खेपेला फणी पांढऱ्या कापडावर पुसा. आखूड केसांत हे काम लवकर होतं. दर दोन-तीन दिवसांनी, दोन आठवडे करा, कारण लिखा फुटून नव्या उवा निघत राहतात. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा. तरी उरल्या तर आरोग्य केंद्रातून मुलीच्या वयाला चालणारं औषध घ्या.