घास अडतो, तेव्हा कुणाकडे जायचं?

प्रश्न: मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्म ३३व्या आठवड्यातला. सुरुवातीला काचेच्या पेटीत होती, दूध नळीने दिलं. आता मिक्सरमधून काढलेली पेज आणि नाचणीचं पातळ सत्त्व एवढंच खाते. भाताचं एक शीत जिभेला लागलं तरी ओकारी काढते. एकेक जेवण तासभर चालतं, तेही मोबाइल लावून. वजन ठीक आहे. घरचे म्हणतात, दाढा आल्या की खाईल. थांबावं का? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर: थांबू नका. मऊ घास चुरडायला हिरड्या पुरतात, दाढांची वाट बघावी लागत नाही. ती ७ आठवडे आधी आली, म्हणून वय साडेबारा महिन्यांचं धरा. तरीही एव्हाना मऊ गुठळ्यांचा, म्हणजे पूर्ण न वाटलेला, घास खाता यायला हवा होता. ९-१० महिन्यांपर्यंत गुठळीची ओळख झाली नाही, तर पुढे मूल ती अधिक हट्टाने नाकारतं. शिवाय नळीच्या दिवसांत तोंडाला जे काही लागलं ते बहुतेक नकोसंच होतं, त्यामुळे अशा मुलांचं तोंड फार हळवं राहू शकतं. हे लाड नाहीत आणि तुमची चूकही नाही.

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची. वजन ठीक आहे एवढ्यावर परत येऊ नका. हिमोग्लोबिन तपासायला सांगा (कमी दिवसांच्या बाळांत लोह लवकर संपतं, आणि लोह कमी की भूकही मंदावते), बद्धकोष्ठता आणि छातीत आंबट वर येणं याबद्दल विचारा. दिवसभरात ५०० मिलीपेक्षा जास्त दूध पोटात जात असेल तर तेही सांगा.

पुढची भेट स्पीच थेरपिस्टची. मूल बोलत नसेल तरच तिथे जायचं, असं समजून पालक उशीर करतात. बोलायला लागणारे ओठ, जीभ आणि जबडाच चावायला-गिळायला लागतात, म्हणून हे काम त्यांचंही आहे. मात्र सगळे ते करत नाहीत; फोनवरच विचारा, ‘लहान मुलांच्या खाण्या-गिळण्याच्या तक्रारी बघता का?’ भारतीय पुनर्वास परिषदेची (अशा तज्ज्ञांची नोंद ठेवणारी केंद्रीय संस्था) नोंदणी आहे का, हेही विचारा. मुलगी हाताला चिकट लागू देत नसेल, केस धुताना आकांत करत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टही (स्पर्शाची भीती कमी करून रोजच्या गोष्टी जमवून घेणारा तज्ज्ञ) लागेल. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची चौकशी करा. ते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी बघणारं सरकारी केंद्र) मोफत पाठवतात.

जाताना ३ दिवसांची नोंद न्या: किती वाजता, काय, किती चमचे, किती मिनिटं. २-३ मिनिटांचा जेवणाचा व्हिडिओ, वजनाचं कार्ड, जन्मानंतरच्या दवाखान्याचे कागद आणि घरचीच वाटी, चमचा, पेज घ्या. मूल भुकेलं असेल अशी वेळ मागा. नाहीतर तज्ज्ञाला बघायला काहीच मिळत नाही.

तोवर घरी: पातळ पेजेत शितं टाकून देऊ नका. पाणी आणि दाणा एकाच वेळी सांभाळणं हा सगळ्यांत अवघड घास आहे, बहुतेक घरांत नेमकं इथेच अडतं. आधी पेज चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट करा. ती ४-५ दिवस जमली की मिक्सर सोडून काट्याने घोटलेला मऊ भात आणि घट्ट वरण द्या. चव तीच ठेवा, एका वेळी एकच बदल करा. पाठ टेकलेली, पावलं डब्यावर किंवा पाटावर टेकलेली असावीत. छोटा, उथळ चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून तिने ओठ मिटायची वाट बघा. वरच्या हिरडीला घासून ओतू नका. बोटाएवढा, दोन बोटांत सहज चिरडेल इतका शिजवलेला गाजराचा तुकडा तिच्या हातात द्या, नुसता चोखला तरी चालेल. २०-३० मिनिटांत ताट उचला. हात धरून किंवा नाक दाबून भरवणं पूर्ण बंद. मोबाइल एका जेवणापासून बंद करायला लागा.

ओकारीत आवाज येतो आणि घास पुढे येतो. तिला घाबरू नका. आवाज बंद झाला, ओठ निळे पडले तर घास अडकलाय. तेव्हा क्षणही न दवडता मदत हवी. दर वेळी पिताना ठसका, नंतर घशात घरघर, वारंवार न्यूमोनिया असं काही असेल तर आधी गिळण्याची तपासणी, गुठळ्या नंतर. या तपासणीत बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य) मिसळलेला घास क्ष-किरणांखाली जाताना बघतात.

प्रश्न: बाळ १० दिवसांचं आहे, तोंडातली टाळू फाटलेली आहे. दूध नाकातून येतं. आजी आडवं धरून बोंडल्याने पाजतात. चालेल का? – वाचक, नांदेड

उत्तर: आडवं धरून नको; दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. टाळूला फट असल्याने तोंडात ओढ तयार होत नाही, म्हणून बहुतेक बाळांना अंगावरचं दूध पुरेसं ओढता येत नाही. दूध काढून द्या. बाळाला जवळजवळ बसतं धरा. बोंडलं चालेल, पण धार ओतायची नाही. थोडं गालाकडून सोडा, गिळल्यावरच पुढचं. मऊ, दाबता येणारी बाटलीही सोयीची. मध्ये दोन-तीनदा ढेकर काढा, एका वेळचं पाजणं अर्ध्या तासापुढे लांबवू नका. थोडं दूध नाकातून येणं अपेक्षित आहे. वजन दर आठवड्याला करा: २ आठवड्यांपर्यंत जन्मवजन परत यायला हवं, पुढे दिवसाला साधारण २०-३० ग्रॅम वाढ हवी. नाही झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. टाळूची शस्त्रक्रिया साधारण ९ ते १८ महिन्यांत होते आणि त्याआधी वजन भरलेलं लागतं, म्हणून प्लास्टिक सर्जनकडे नाव आत्ताच नोंदवा.