आधी त्या मुलीकडे, मग तिच्या मागच्या गर्दीकडे

डॅलसहून एका आईने लिहिलंय: "शाळेत लेकीला एक जुना फोटो दाखवला. घरी येऊन म्हणाली, आई, त्या मागच्या ताईला एवढा राग कशाचा आलाय? मी म्हटलं, पूर्वी गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या असायच्या, आता नसतात, जा हात धू. मग रात्रभर रुखरुख लागली. पण खरं सांगा ताई, हा आपला इतिहास थोडाच आहे? आणि नऊ वर्षांच्या पोरीला इतका द्वेष दाखवायचा कशाला?"

तुला अगंतुगं करते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. चुकलं गं तुझं. लेकीने नेमका प्रश्न विचारला आणि तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलंस. रुखरुख लागली हे मात्र बरं झालं.

तू वर्णन केलंयस त्यावरून तो आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरातला फोटो. ४ सप्टेंबर १९५७, विल काउंट्स या तरुण वृत्तछायाचित्रकाराने टिपलेला. पुढे चालतेय ती एलिझाबेथ एकफर्ड, वय १५. काळा गॉगल, छातीशी वही, शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घरी शिवलेला पांढरा ड्रेस. वेगळ्या शाळा घटनेत बसत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून तीन वर्षं झाली होती. त्या सकाळी नऊ काळ्या मुलांनी तिथल्या गोऱ्यांच्या शाळेत मिळून जायचं ठरलं होतं. पण एकफर्डांच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचलाच नाही, पोर एकटी गेली. गव्हर्नरने उभ्या केलेल्या सैनिकांनी गोऱ्या मुलांना आत सोडलं आणि हिला अडवलं. ती नऊ जणं नीट शाळेत बसली ती २५ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हजारावर जवान पाठवल्यावर.

एवढी गोष्ट बहुतेक घरांत सांगून होते: शूर मुलगी, वाईट माणसं, शेवट गोड. मी मात्र गेली कित्येक वर्षं भेटेल त्या आईला एकच सांगत आलेय, गर्दीकडे बघा. फोटो जेवणाच्या टेबलावर ठेव. दोन मिनिटं तोंड उघडू नकोस. मग एलिझाबेथवर तळहात ठेव, ती झाकली जाऊ दे, आणि लेकीला म्हण, आता उरलेले बघ. तोंड वासून ओरडणारी ती ताई म्हणजे हेझल ब्रायन. तीही १५ वर्षांचीच. चांगले कपडे, नीट विंचरलेले केस. मुलांना वाटतं दुष्ट माणूस बघताक्षणी ओळखू येतो. इथे ती चांगल्या घरच्या मुलीसारखी दिसते, आणि तुझ्या लेकीला नेमकं तेच खुपलंय. म्हणूनच तिने ताईबद्दल विचारलं.

माझा मुलगा आठ वर्षांचा असताना त्याने गर्दीतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं. "ही ओरडत नाहीये. पण थांबवतही नाहीये." रात्री अंथरुणात शिरल्यावर त्याने सांगितलं, बसमध्ये एका मुलाला डब्याच्या वासावरून चिडवत होते आणि आपण खिडकीबाहेर बघत बसलो. मी विचारून विचारून हे त्याच्या तोंडून कधी निघालं नसतं.

दोनचार दिवसांनी दुसरा फोटो दाखव. १९९७ मध्ये त्याच काउंट्सने त्याच शाळेसमोर त्या दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. हेझलने त्याआधीच फोन करून माफी मागितली होती. "मग मैत्रिणी झाल्या?" असं लेक विचारेलच. काही काळ झाल्या, पुढे दुरावल्या, असं खरं ते सांग. मुलांना ते झेपतं.

आता "आपला इतिहास थोडाच". अगं, १९४६ नंतरही भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना इथे स्थायिक व्हायला यायची मुभा होती. आपल्याला दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि तो झाला याच नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यात. शिवाय साताऱ्याच्या शाळेत छोट्या भीमरावाला बसायला घरून गोणपाट न्यावं लागायचं, आणि शिपाई नसला की पाणीही मिळायचं नाही, हे आपण मराठी माणसांनी विसरायचं? आमच्या मामंजींकडे त्यांच्या गावच्या शाळेचा फोटो होता. एक मुलगा कडेला, हातभर अंतर सोडून बसलेला. मामंजींना बाकी सगळ्यांची नावं पाठ होती. त्या एकाचं आठवेना. म्हातारपणी त्यांना त्याचा फार त्रास व्हायचा, फोटो हातात घेऊन बसून राहायचे.

वयाचं म्हणशील, तर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सला रूबी ब्रिजेस ही काळी मुलगी केंद्र सरकारच्या मार्शलांच्या पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत पहिलीत गेली तेव्हा सहा वर्षांची होती. तुझी नऊ वर्षांची लेक नुसता फोटो बघू शकते. फक्त झोपायच्या वेळी नको.

 

आजीला शनिवारी व्हिडिओ कॉल करता ना? या शनिवारी लेकीलाच विचारू दे: आजी, तुझ्या वर्गात कोण कुठे बसायचं गं? तू मध्ये बोलू नकोस. आजी गप्प झाल्या, तरी फोन ठेवू नका.