अल्ट्रासाउंड गाइडेड नर्व्ह ब्लॉक व्हिडिओ कॉलवर शिकता येतात का?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावात एकटाच भूलतज्ज्ञ असेल तर पुण्या-मुंबईच्या सीनिअरकडून ऑनलाइन ब्लॉक (सोनोग्राफीत बघत नर्व्हजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) शिकता येतील का. येतात. मी शिरपूरकडे प्रॅक्टिस करतो आणि असंच शिकलोय. फक्त सुरुवात पेशंटवर करू नका.

आधी स्वतःचाच हात स्कॅन करा, फोअरआर्मच्या (कोपर ते मनगट) मध्यावर मीडियन नर्व्ह (हाताची एक मुख्य नर्व्ह) मधाच्या पोळ्यासारखी दिसते, टेंडन (स्नायूची दोरी) पण तसंच वाटतं, पण प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा भाग) वर कोपराकडे नेत गेलं की टेंडनचा स्नायू होतो आणि नर्व्ह नर्व्हच राहते, हे मला शिकवणाऱ्या सीनिअर सरांनी कॉलवर पंचवीस वेळा तरी करायला लावलं असेल. मग चिकनच्या ब्रेस्ट पीसमध्ये पाणी भरलेली आयव्ही सेटची नळी घालून सुई आणि प्रोब एका रेषेत ठेवायची प्रॅक्टिस.

कॉलला दोन फोन लागतातच. एक मशीनच्या स्क्रीनवर आणि दुसरा हातावर. नुसता स्क्रीन दिसला तर समोरच्याला कळत नाही की सुई बीममधून (प्रोबच्या लहरींच्या पट्ट्यातून) बाहेर का गेली. आवाज मागेपुढे होतो म्हणून आमचं ठरलेलं, सर 'थांब' म्हणाले की हात जिथे आहे तिथेच थांबवायचा, कारण पुढचं ऐकू येईलच असं नाही.

एकदा कडबाकुट्टीत बोटं गेलेला पेशंट आला, सुप्राक्लॅव्हिक्युलर (कॉलरबोनच्या वरून हाताचा ब्लॉक) करत होतो, पहिली बरगडी, तिच्यावर आर्टरी, बाजूला द्राक्षाच्या घडासारखा प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचा जुडगा), सगळं छान दिसत होतं. मी सुई पुढे नेणार तेवढ्यात कानात 'थांब'. मी ज्याला टोक समजत होतो तो सुईचा मधला भाग होता, टोक बीमच्या बाहेर, आणि खाली प्ल्युरा, म्हणजे फुप्फुसाचं आवरण! सुई न हलवता प्रोब अगदी केसभर सरकवला तेव्हा टोक दिसलं. मग १ मिली सलाइन सोडून ते पसरताना पाहिलं आणि मगच औषध दिलं. थोड्या वेळाने हात बधिर झालेला पेशंट म्हणतो, "डॉक्टर, मना हात कथा गया?" (माझा हात कुठे गेला?) त्या दिवसापासून टोक दिसत नसेल तर मी सुई पुढे ढकलत नाही, सर लाइनवर असोत नसोत.

म्हणून सुप्राक्लॅव्हिक्युलर पहिल्यांदा घेऊ नका, अ‍ॅक्झिलरी (काखेतून हाताचा) आणि खुब्याच्या फ्रॅक्चरला फॅशिया इलियाका (जांघेतला) ब्लॉक यांनी सुरुवात करा. आपल्याकडे पेशंट बारीक असतात, ५० किलोच्या माणसाला ०.५ टक्के ब्युपिव्हॅकेन (बधिर करायचं औषध) २० मिली दिलं की १०० मिग्रॅ झालं, म्हणजे किलोला २ मिग्रॅ, तिथेच थांबायचं. सुई रक्तवाहिनीत नाही ना हे बघायला दर ५ मिलीला अ‍ॅस्पिरेट करायचं. औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर द्यायचं २० टक्के लिपिड इमल्शन खोलीतच हवं, पहिला बोलस (सुरुवातीचा डोस) किलोला दीड मिली. हे सगळं तुम्हालाच करायचंय, शंभर कोसावरचा माणूस सीपीआर देऊ शकत नाही, त्यामुळे ट्रेन केलेली सिस्टर शेजारी नसेल तर त्या दिवशी शिकणं रद्द.

मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्याखाली रजिस्टर असलंच पाहिजे, भूलेसाठी वापरता म्हणून सूट नाही. पेशंटची लेखी संमती घ्या, स्क्रीनवरचं नाव झाका.

आणि खरं सांगू का, लाइव्ह कॉलपेक्षा मला रेकॉर्डिंगने जास्त शिकवलं. रात्री निवांत सरांबरोबर व्हिडिओ सेकंदासेकंदाला थांबवत बघायचो, आता टोक कुठंय सांग, आता? नेटवर्क गेलं तरी रेकॉर्डिंग राहतं. फोनला वेगळा स्टँड घेऊ नका, सलाइनच्या स्टँडला चिकटपट्टीने बांधला तरी चालतो.