२४ इंची सपाट की २७ इंची वक्र: घरासाठी कोणता मॉनिटर घ्यावा?

तुम्ही विचारले आहे की, जवळजवळ एकाच किमतीत २४ इंची सपाट आयपीएस मॉनिटर आणि २७ इंची वक्र व्हीए मॉनिटर मिळत आहेत (आयपीएस आणि व्हीए हे पडद्याचे दोन प्रकार), दोन्ही फुल एचडी आणि १०० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चित्र ताजे करणारे आहेत, मुलीचा अभ्यास, तुमचे कार्यालयाचे थोडे काम आणि रात्री एखादा चित्रपट एवढाच वापर आहे, तर त्यांपैकी कोणता घ्यावा. माझे उत्तर २४ इंची असे आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘घरगुतीच वापर आहे, त्यामुळे फार खोलात शिरण्याची गरज नाही’ असे लिहिले आहे, आणि त्या एका वाक्यामुळे मी एवढे सविस्तर उत्तर लिहायला बसले आहे.

मी साताऱ्यात राहते आणि घरूनच मुद्रितशोधन व अक्षरजुळणी करते. कार्यालयातला मॉनिटर संध्याकाळी बंद होतो. घरातल्या मॉनिटरपुढे सकाळी मी असते, दुपारी मुलाचा अभ्यास असतो, रात्री पुन्हा राहिलेली पाने असतात, आणि हे सगळे स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांच्यामध्ये मिळालेल्या दोन फुटी टेबलावर, एकाच ट्यूबलाइटच्या उजेडात चालते. अशा वापराला हलका वापर म्हणणे मला मान्य नाही. नेमके तुमचेच वाक्य माझ्या थोरल्या भावाने मला ऐकवले होते.

माझा जुना मॉनिटर ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात, गणपतीच्या सुमारास बंद पडला. दादा अभियंता आहे आणि आमच्या घरात यंत्रांविषयीचा शेवटचा शब्द त्याचा असतो. मी २४ इंची आयपीएस मॉनिटर निवडून ठेवला होता, पण गौरींसाठी येताना तो स्वतःच्या पैशाने २७ इंची वक्र मॉनिटर घेऊन आला. मी विचारले तेव्हा म्हणाला, “अगं, तेवढ्याच पैशात तीन इंच जास्त मिळतायत, आणि तुला घरी बसून अक्षरंच तर बघायची आहेत.” त्याचे प्रेम मला कळते, भेट मनापासून दिलेली होती हेही कळते. परंतु ‘अक्षरंच तर बघायची’ या तीन शब्दांत माझा सगळा व्यवसाय येतो, आणि मॉनिटरवर अक्षरे पाहण्याइतके अवघड दुसरे काम क्वचितच असेल.

त्याचे कारण मोजून सांगता येते. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके (पिक्सेल), एकूण २०,७३,६००. तुमच्या दोन्ही मॉनिटरांत ठिपक्यांची संख्या हीच आहे. २४ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्याचा कर्ण बहुधा २३.८ इंच असतो आणि त्यावर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, तर २७ इंचीवर जेमतेम ८१ बसतात. तेवढ्याच पिठाची भाकरी मोठी थापली तर ती पातळ होते, तसे हे आहे. हिशेबाच्या तक्त्यात एक ओळ जास्त दिसत नाही, वाचनात एक परिच्छेद जास्त मावत नाही. जे २४ इंचीवर दिसते तेच थोडे फुगवून दिसते, म्हणून ‘तीन इंच जास्त मिळाले’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

यावर दादाचे म्हणणे असे होते की, फुगवून दिसले तर वाचायला सोपेच जाईल. नुसता मजकूर वाचायचा असेल तर त्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, त्याकडे मी नंतर येते. पण माझे काम छापील पान त्याच्या खऱ्या आकारात पाहण्याचे असते. समासटीप मथळ्याला चिकटली आहे का, स्तंभाच्या शेवटी एकटी ओळ लोंबते आहे का, हे पान मोठे करून कळत नाही, ते पूर्ण आणि मूळ मापात समोर असावे लागते. खऱ्या आकारात १२ पॉइंटाच्या (पॉइंट हे छपाईतले अक्षराच्या आकाराचे माप, इंचाचा ७२वा भाग) अक्षराला २४ इंची पडद्यावर उभे साधारण पंधरा ठिपके मिळतात, २७ इंचीवर तेरा-साडेतेरा. तळटिपांचा मजकूर १० पॉइंटांचा असेल तर जवळजवळ तेरा विरुद्ध अकरा. दोन ठिपक्यांनी काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘मूर्तींना’ हा शब्द डोळ्यांपुढे आणावा. खाली दीर्घ उकार आहे, वर एकाच जागी रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार आहेत. हा अनुस्वार पडणे ही मजकुरातली नेहमीची चूक आहे आणि ती पकडण्याचेच मला पैसे मिळतात. अकरा ठिपक्यांत रफार आणि अनुस्वार मिळून वेलांटीच्या टोकाशी एक काळपट गाठ होते. अनुस्वार असला काय आणि नसला काय, गाठ सारखीच दिसते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात फरक दाखवणारी शिरोरेषेतली फट तर याहून बारीक.

मी दादाला हे तोंडी सांगून पाहिले, त्याला पटले नाही. म्हणून शेजारच्या मुलाचा २४ इंची मॉनिटर संध्याकाळपुरता मागून आणला, दोन्ही पडदे टेबलावर शेजारी ठेवले, एकाच संगणकाला जोडले, आणि एका लेखाची तळटीपांनी भरलेली पाने दोन्हींवर खऱ्या आकारात उघडली. दादाला म्हटले, मोठ्याने वाच. २४ इंचीवर त्याने सरळ वाचले. २७ इंचीवर तो दोनदा अडला, एका ठिकाणी ‘धर’चे ‘घर’ वाचले, आणि मग म्हणाला, “झूम कर की.” झूम केल्यावर अर्थातच दिसते. पण मग पान पडद्यात मावत नाही, प्रत्येक पान वरखाली, डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते, आणि घेतलेला मोठा पडदा त्या सरकवण्यातच खर्ची पडतो. मोठ्या पडद्यावर काम करण्यासाठी पान मोठे करावे लागत असेल, तर मोठा पडदा कशासाठी घेतला, याचे उत्तर त्याने त्या संध्याकाळी दिले नाही आणि अजूनही दिलेले नाही.

त्याचा दुसरा मुद्दा असा होता की, परदेशी परीक्षणांत २७ इंची फुल एचडीवरचा मजकूर ‘चालण्याजोगा’ म्हटलेला असतो. ही परीक्षणे लिहिणारे रोमन अक्षरे पाहून लिहितात. रोमन लिपीत अक्षराला वर किंवा खाली एखादा दांडा असतो. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर एक मजला आणि अक्षराच्या खाली एक मजला असतो, आणि तो सगळा भार उभ्या ठिपक्यांवर पडतो. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये जाहीर केलेले क्लिअरटाइप हे तंत्र प्रत्येक ठिपक्यातील लाल, हिरव्या आणि निळ्या पट्ट्यांचा उपयोग करून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करते. हे तीन पट्टे आडवे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे त्याचा मुख्य लाभ आडव्या दिशेने होतो. उभ्या दिशेची टंचाई त्याने फारशी भरून निघत नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ असो किंवा विंडोज ८ पासून आलेला ‘निर्मला’ असो, टंक (फाँट) कितीही चांगला असला तरी ठिपकेच नसतील तर त्याने काय करावे? म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, मराठी वाचणाऱ्याने मराठी पान उघडून पाहिल्याशिवाय मॉनिटर घेऊ नये. तुमच्या मुलीची पुस्तके मराठी माध्यमाची असतील तर हे तुम्हालाही लागू आहे, कारण बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती पडद्यावर वाचताना ती पूर्ण पानच उघडणार आहे.

आता वक्रतेविषयी. अशा मॉनिटरवर १५००आर असे लिहिलेले असते, म्हणजे पडदा दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो, तेव्हा त्याच्या कडा मध्यापेक्षा सुमारे तीन सेंटीमीटर पुढे येतात. फार रुंद पडद्यावर याचा उपयोग होतो, कारण तिथे कडा डोळ्यांपासून खरोखर दूर जातात. २७ इंचीवर मला तरी उपयोग जाणवला नाही. उलट स्तंभांमधील उभ्या रेघा आणि पानाच्या कडा किंचित वाकलेल्या दिसत, आणि रेघ सरळ आहे की नाही हे पाहणेही माझ्याच कामात येते.

व्हीए आणि आयपीएस यांतला फरक तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात लिहिते. व्हीए पडद्याचा काळा रंग खरोखर अधिक काळा असतो. त्याचे काळ्यापांढऱ्याचे गुणोत्तर साधारण ३०००:१ असते, तर स्वस्त आयपीएसचे १०००:१ च्या आसपास. दिवे घालवून रात्री चित्रपट पाहिलात तर आयपीएसच्या कोपऱ्यांत राखाडी झळक दिसेल, व्हीएवर ती दिसणार नाही. परंतु व्हीएकडे बाजूने पाहिले की रंग फिके पडतात, आणि गडद दृश्य वेगाने हलले की मागे काळपट ओघळ राहतो. मुलगी अभ्यासाला बसलेली आणि तुम्ही शेजारी खुर्ची ओढून समजावून सांगत आहात, असा प्रसंग घरात रोजचा असतो, आणि तिथे आयपीएसच बरा.

मी शेवटी माझ्या कमाईतून २४ इंची आयपीएस घेतला आणि त्या वर्षीचे सगळे अंक त्यावरच वाचून दिले. दादाने आणलेला २७ इंची बाहेरच्या खोलीत लावला आहे. तिथे पलंगावरून सात-आठ फुटांवरून क्रिकेट पाहताना तो उत्तम दिसतो, आणि हे मी दादाला मोकळेपणाने सांगितलेही आहे. त्यावर “बघ, चांगला आहे की नाही,” असे तो म्हणतो. तो चांगला नाही असे मी कधीच म्हटले नव्हते. माझे म्हणणे एवढेच होते आणि आहे की, घरात बसून केलेले काम हे काम असते, आणि त्याला लागणारे साधन ते काम करणाऱ्या माणसाने निवडावे. तुमच्याकडेही पडद्यापुढे सर्वांत जास्त वेळ मुलगी बसणार असेल, तर दुकानात तिला घेऊन जा आणि निर्णय तिच्यावर सोपवा. तिथे कोणी ‘इंचामागे किती रुपये’ असा हिशेब मांडू लागले तर ‘इंचात किती ठिपके’ असे विचारा.

काही अपवाद मात्र सांगायला हवेत. तुमची चाळिशी उलटली असेल आणि बारीक अक्षरांचा त्रास होत असेल, तर काहीही न बदलता मोठी अक्षरे दाखवणारा २७ इंची तुम्हाला खरोखर सुखाचा वाटू शकतो. टेबल खोल असेल तर तो आणखी चांगला दिसेल, कारण २७ इंची फुल एचडी पडदा ६८ सेंटीमीटरांवरून पाहिला की २४ इंची ६० सेंटीमीटरांवरून पाहिल्यासारखाच दिसतो. माझ्या दोन फुटी टेबलावर तेवढे मागे सरकायला जागाच नव्हती, तुमच्याकडे असेल. छापील पानांशी तुमचा संबंध नसेल तर माझ्या तक्रारींतला मोठा भाग गळून पडतो, हेही मान्य करते. आणि पैसे थोडे वाढवता येत असतील तर २७ इंचीमध्ये २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा. त्यावर इंचात सुमारे १०९ ठिपके येतात, आणि त्याच्यापुढे माझा २४ इंचीसुद्धा डावा ठरतो.

स्पीकर आणि भिंतीवर टांगण्याविषयी तुम्ही विचारले आहे. स्पीकर असले तरी ते नावापुरते असतात, आणि टांगायचे असेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर चार भोके आहेत का ते पाहून घ्या. संगणक जुना असला तरी निळ्या टोकाची व्हीजीए केबल शक्यतो वापरू नका, तिने अक्षरे पुसट होतात. एचडीएमआय केबलने जोडा, आणि जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० हर्ट्झ स्वतः निवडा, नाहीतर अनेकदा तो ६० वरच चालत राहतो. पहिल्याच दिवशी पडदा पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा करून मेलेले, म्हणजे रंग न बदलणारे ठिपके शोधा. एक-दोन ठिपक्यांसाठी कंपन्या वॉरंटीत सहसा मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून जे करायचे ते दुकानाच्या परतीच्या मुदतीतच करावे लागते, आणि तोपर्यंत खोके व त्यातले थर्माकोल टाकून देऊ नका.